काळा-गोरा दिसतो, वंश मात्र लिहावा लागतो

प्रश्न असा आला आहे : “स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासात वाचलं की वंश ही जैविक गोष्ट नाही, ती समाजाने घडवलेली आहे. पण आफ्रिकेतला माणूस काळा आणि युरोपातला गोरा हे तर डोळ्यांना दिसतं. मग घडवलेलं काय? आणि ते खोटंच असेल, तर शास्त्रज्ञांनी सांगूनही वंशद्वेष इतक्या देशांत टिकला कसा? आपल्याकडच्या जातीचा याच्याशी काही संबंध लागतो का?”

विचारणारा अंबाजोगाईचा, पदवीच्या शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी आहे. मी परभणी आणि नांदेडकडच्या महाविद्यालयांत समाजशास्त्र शिकवलं, आणि सुट्ट्यांमध्ये पोरांना घेऊन पारधी वस्त्यांवर सर्वेक्षणं केली. हा प्रश्न वर्गात हमखास यायचा, बहुधा मागच्या बाकावरून, आणि विचारणाऱ्याला वाटायचं की आज सरांना बरोबर कोंडीत पकडलं. प्रश्न चांगलाच आहे, म्हणून सवडीने लिहितो.

आधी डोळ्यांना दिसतं त्याचं बघू. कातडीचा रंग खरा आहे, तो कुणी नाकारत नाही. ऊन कडक तिथे गडद कातडी उपयोगी पडली, ऊन कमी तिथे फिकट. अतिनील किरणांपासून बचाव आणि ड जीवनसत्त्व या दोन गरजांची ही हजारो वर्षांची ओढाताण आहे. पण हा रंग टप्प्याटप्प्याने बदलत जातो. कैरोहून नाईलच्या काठाकाठाने दक्षिणेला चालत निघालात तर ‘इथे एक वंश संपला, इथून दुसरा सुरू’ अशी पाटी ठोकायला जागा सापडणार नाही. रंगाच्या खाली उतरलात तर गोंधळ आणखी वाढतो. पापुआ न्यू गिनीचा माणूस आणि घानाचा माणूस शेजारी उभे केले तर आपल्याकडचा कुणीही दोघांना एकाच खात्यात टाकून मोकळा होईल. जनुकांच्या हिशेबाने मात्र पापुआचा माणूस घानाच्या माणसापेक्षा जपानी माणसाला जवळचा निघतो. युरोपातल्या गोरेपणामागे जी जनुकं आहेत त्यातलं एक मोठं म्हणजे एसएलसी२४ए५. त्याचा तोच फिकट रंगाचा प्रकार आपल्या देशातही भरपूर आढळतो. चीन-जपानकडचा फिकटपणा बराचसा दुसऱ्याच जनुकांतून आलेला आहे.

१९७२ साली रिचर्ड लेवॉन्टिन या जनुकशास्त्रज्ञाने रक्तातल्या प्रथिनांवरून हिशेब मांडला. माणसामाणसांत जो काही जनुकीय फरक आहे, त्यातला सुमारे ८५ टक्के एकाच समूहाच्या आतला निघाला, आणि ज्यांना आपण ‘वंश’ म्हणतो त्यांच्यातला जेमतेम ६-७ टक्के. नंतर जनुकसंच पूर्ण वाचता आला तरी हे चित्र ढोबळमानाने तसंच राहिलं. इथे एक सावधगिरी. याचा अर्थ ‘समूहासमूहांत काहीच फरक नाही’ असा होत नाही. पुरेशी जनुकं तपासली तर माणसाचे पूर्वज साधारण कुठल्या प्रदेशातले होते हे सांगता येतं. अर्धवट वाचलेली मंडळी इथेच पकडतात, आणि उत्साही पुरोगामी मंडळी इथेच गडबडतात. पूर्वजांचा प्रदेश ओळखता येणं आणि जगात चार-पाच बंदिस्त वंश असणं, या दोन गोष्टींत फार अंतर आहे.

सिकलसेल या रक्ताच्या आजाराचं उदाहरण घ्या. अमेरिकेत कैक वर्षं तो ‘काळ्यांचा आजार’ मानला गेला. तोच आजार गडचिरोलीत आहे, नंदुरबारमध्ये आहे, आपल्या किनवटच्या बाजूला आहे, सौदी अरबस्तानात आहे आणि ग्रीसमध्येही आहे. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तिथे हे जनुक टिकलं, कारण ते मलेरियापासून काहीसा बचाव करतं. डासाला वंश कळत नाही. तसंच रक्तगटाचं. बी रक्तगट भारतात युरोपापेक्षा बराच जास्त आढळतो. पण ‘बी वंश’ म्हणून कुणी झेंडा लावला नाही, कुणाला त्यावरून विहिरीवर अडवलं नाही. माणसांत फरक हजार आहेत. त्यातला कुठला मोजायचा, कुठे रेघ मारायची आणि रेघेच्या अलीकडच्याला काय द्यायचं, पलीकडच्याला काय नाकारायचं, हे माणसं ठरवतात. ‘घडवलेलं’ म्हणतात ते एवढंच.

वंश कधी आणि कुणाच्या सोयीसाठी घडला, यावर पाठ्यपुस्तकं फार घाईने पुढे जातात. आपल्या मराठवाड्याला तर याचा एक पुरावा घराजवळच उभा आहे. आजच्या छत्रपती संभाजीनगरची जागा म्हणजे जुनी खडकी. तिथे १६१० साली राजधानी वसवली मलिक अंबरने. इथिओपियात जन्मलेला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला, बाजारामागून बाजार फिरत दख्खनला पोहोचलेला हा माणूस. त्याला विकत घेणारा अहमदनगरचा पेशवा चंगीझखान, तोही हबशीच, म्हणजे आफ्रिकी. पुढे अंबर निजामशाहीचा सर्वेसर्वा झाला, स्वतःची मुलगी त्याने निजामशहाला दिली, मुघलांना कितीतरी वर्षं दख्खनमध्ये पाय रोवू दिले नाहीत. १६२६ मध्ये तो गेला. कबर खुलताबादला आहे. जमीनमहसुलाची त्याची घडी आणि शहराला पाणी देणारी नहर आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही माहीत असते. तो आफ्रिकी होता, हे मात्र बहुतेकांना आठवत नाही.

म्हणजे तेव्हा रंगाचा तिटकारा नव्हता का? चांगलाच होता. बादशहा जहांगीर आपल्या आठवणींत अंबरचा उल्लेख ‘काळतोंड्या’ अशा शिव्यांनीच करतो. जहांगीर अंबरच्या कापलेल्या मुंडक्यावर बाण मारतो आहे असं चित्रही त्याच्या दरबारात अबुल हसनने काढलं. अंबर तेव्हा जिवंत होता आणि पुढेही बरीच वर्षं मुघलांना छळत राहिला, हा भाग वेगळा. तर शिवी होती, तिरस्कार होता. पण ‘हबशी म्हणून जन्मला, सबब सत्ता, जमीन आणि सोयरीक कायमची बंद’ असा कायदा नव्हता. गुलामगिरीही एका रंगाला चिकटलेली नव्हती; त्या काळच्या मुसलमानी राज्यांत तुर्क आणि जॉर्जियन गुलामही असत. पुढे निजामाच्या हैदराबादेत आफ्रिकी घोडेस्वारांची पलटण होती, ‘ए.सी. गार्ड्स’ हा मोहल्ला त्या आफ्रिकन कॅव्हलरी गार्ड्सच्या नावाने ओळखला जातो. हद्रमौतहून निजामाच्या फौजेत आलेले अरब आपल्या गावांत ‘चाऊस’ म्हणून राहिले, शेती करू लागले, चार चौघांसारखी मराठी बोलू लागले. परका दिसणारा माणूस ठेवायला आपल्या समाजाकडे जागा होती. ती जागा वर की खाली, हे त्याच्या हातात तलवार आहे की खुरपं, यावर ठरायचं.

आता त्याच शतकात समुद्रापलीकडे काय चाललं होतं ते पाहा. इंग्रजांच्या व्हर्जिनिया वसाहतीत तंबाखूच्या मळ्यांवर बांधील मजूर लागायचे. सुरुवातीला त्यात गरीब इंग्रज, आयरिश आणि आफ्रिकी असे सगळेच होते. १६४० साली तिघं एकत्र पळाले. पकडून आणल्यावर दोघा युरोपीयांची मुदत चार वर्षांनी वाढवली, आणि तिसऱ्याला, जॉन पंच नावाच्या आफ्रिकी माणसाला, जन्मभराची चाकरी लावली. गुन्हा एक, शिक्षा दोन. १६६२ मध्ये कायदा आला की मूल गुलाम की स्वतंत्र हे आईवरून ठरेल. इंग्रजांच्या रीतीत मूल बापावरून ओळखलं जायचं. इथे उलटं केलं, कारण मालकापासून गुलाम बाईला झालेलं मूल मालकाचं वारस न होता मालमत्ता व्हायला हवं होतं. १६६७ मध्ये ठरलं की बाप्तिस्मा घेतला तरी गुलामी सुटणार नाही. म्हणजे आधी धर्म ही रेघ होती, ती पुसून रंगाची रेघ ओढली. १६७६ मध्ये नॅथॅनियल बेकनने गव्हर्नरविरुद्ध केलेल्या बंडात गोरे आणि काळे मजूर एकत्र लढले. मळेवाल्यांना खरा घाम फुटला तो तेव्हा. मग १६९१ मध्ये गोऱ्या-काळ्यांच्या लग्नावर बंदी आणि १७०५ मध्ये गुलामांची सगळी कलमं एकत्र बांधलेला कायदा आला. गरीब गोऱ्याला जमीन मिळाली नाही, पण ‘तू त्यांच्यातला नाहीस’ एवढं मिळालं. आपल्याकडे कुणाला यात ओळखीचं काही दिसलं तर नवल नाही.

तेव्हा क्रम लक्षात घ्या. आपण समजतो की आधी वंश होते आणि मग त्यांच्यात भेदभाव सुरू झाला. घडलं उलट. आधी फुकटात राबणारे हात हवे होते. ते कायमचे बांधून ठेवायला कायदा लागला, आणि कायद्याचं समर्थन करायला दीडशे-दोनशे वर्षांनी कवट्या मोजणारं शास्त्र आलं.

त्या शास्त्राने आपल्यालाही मोजलं. १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त हर्बर्ट रिस्ले हा नाकाच्या रुंदीवरून जातींची उतरंड लावायचा. नाक जितकं रुंद तितकी जात खालची, असा त्याचा दावा. महाराष्ट्रातले ब्राह्मण आणि कुणबी यांना त्याने एकाच ‘सिथो-द्राविडी’ नावाच्या खणात घातलं होतं. आज जालन्यात, लातुरात कुणालाही ‘तुम्ही सिथो-द्राविडी का?’ असं विचारून बघा. एका सरकारच्या काळात पक्का शास्त्रीय समजला गेलेला वंश शंभर-सव्वाशे वर्षांत असा विरून गेला की नावही उरलं नाही. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९३२ मध्येच दाखवलं होतं की रिस्लेचा नाकाचा नियम उत्तरेतला काही मुलूख सोडला तर बाहेर लागू पडत नाही. बाबासाहेबांनीही १९४८ मध्ये हीच नाकाची मोजमापं हाताशी घेऊन ती रिस्लेवर उलटवली : यावरून ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे ठरत नाहीत.

इरावती कर्वे यांची गोष्ट तर प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक असायला हवी. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला ऑयगेन फिशरकडे डॉक्टरेट करायला गेल्या. फिशर म्हणजे वंशशुद्धीचा मोठा पुरस्कर्ता; पुढे त्याची संस्था नाझींच्या कामी आली. त्याची कल्पना अशी की कवटीच्या उजव्या-डाव्या बाजूंतला असमतोल युरोपीयांत जास्त असणार आणि त्याचा संबंध त्यांच्या बुद्धीशी असणार. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि असा काही वांशिक फरक निघत नाही हे प्रबंधात लिहून १९३० मध्ये पदवी घेतली. मार्गदर्शकाच्या समोर, त्याच्याच संस्थेत, परक्या देशात. पीएच.डी.च्या गाइडला घाबरणाऱ्या आपल्या संशोधक पोरांना मी हे मुद्दाम सांगत असे.

आता माझा मुख्य मुद्दा. वंश शरीरात सापडत नाही हे वंशवाद्यांना आपल्याआधी कळलं होतं, कारण त्यांना तो रोजच्या रोज वापरायचा होता. १९३५ मध्ये नाझींनी न्यूरेंबर्गचे कायदे केले तेव्हा ज्यू कोण हे रक्त किंवा नाक तपासून ठरवता येईना. शेवटी काय केलं? आजी-आजोबा चार, त्यातले तीन ज्यू धर्मसमाजाच्या नोंदीत असतील तर माणूस ज्यू. एवढं रक्ताचं तत्त्वज्ञान सांगून कारभार चालला तो जन्म-बाप्तिस्म्याच्या वह्यांवर. दक्षिण आफ्रिकेत १९५० च्या कायद्याने प्रत्येकाला वंशाच्या खात्यात नोंदवलं. शंका आली तर केसांत पेन्सिल खोचून ती पडते की अडकते ते बघायचे, आणि माणसाचं खातं बदलायचे. एकाच घरातली भावंडं वेगळ्या खात्यांत गेली. आफ्रिकेतल्या रवांडात हुतू आणि तुत्सी हे दोन समाज एकच भाषा बोलायचे, शेजारी राहायचे, एकाच चर्चमध्ये जायचे. बेल्जियन अंमलात १९३० च्या दशकात ओळखपत्रावर हुतू किंवा तुत्सी असं छापलं गेलं. १९९४ मध्ये सुमारे ८ लाख माणसं मारली गेली तेव्हा नाक्यानाक्यावर तीच ओळखपत्रं तपासत होते.

भारतीयांनी तर अमेरिकेत या खात्यांचा पूर्ण फेरा अनुभवला. तिथे नागरिक व्हायला ‘गोरा’ असणं आवश्यक होतं. ताकाओ ओझावा या जपानी माणसाने माझा रंग गोरा आहे म्हणून अर्ज केला. १९२२ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, रंग महत्त्वाचा नाही, गोरा म्हणजे कॉकेशियन नावाच्या वंशाचा. तीनच महिन्यांनी, १९२३ मध्ये, भगतसिंग थिंड आले. पंजाबी, अमेरिकी सैन्यात नोकरी केलेले. ते म्हणाले, त्या काळच्या शास्त्राप्रमाणे मी कॉकेशियनच आहे. तेच न्यायालय आता म्हणालं, शास्त्र काहीही म्हणो, सामान्य गोऱ्या माणसाला तुम्ही गोरे वाटत नाही. आणि थिंड यांच्या बाजूने केलेला एक युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे : उच्चजातीय हिंदू इथल्या आदिवासींकडे लग्नाच्या बाबतीत ज्या नजरेने बघतो, त्याच नजरेने अमेरिकी माणूस काळ्यांकडे बघतो. म्हणजे आम्हीही तुमच्यासारखेच भेद पाळतो, तेव्हा आम्हाला तुमच्यात घ्या! पुढे तिथल्या जनगणनेत भारतीयांचा वंश १९३० आणि १९४० ला ‘हिंदू’ होता, मग तो शीख असो की मुसलमान. १९७० ला गोरा झाला. १९८० पासून ‘एशियन इंडियन’. एकच म्हातारा माणूस हयातीत तीन वंशांचा झाला, त्याच्या कातडीत तसूभर फरक न पडता.

रंगच नसेल तर भेदभाव चालतो का, असं कुणी विचारलं तर जपानच्या बुराकुमिनांकडे बघा. चामडं कमावणं, मेलेली जनावरं ओढणं अशा कामांवरून बाजूला काढलेले हे लोक. चेहऱ्याने, भाषेने, नावाने कुणी वेगळे ओळखू शकत नाही. १८७१ मध्ये त्यांना कायद्याने बरोबरीचं केलं. तरी १९७५ मध्ये उघडकीला आलं की कंपन्या त्यांच्या वस्त्यांच्या पत्त्यांच्या याद्या गुपचूप विकत घेत होत्या, नोकरीला आलेला पोरगा कुठला आहे हे बघायला. तोंड बघून कळेना, म्हणून पत्ता बघितला.

मराठवाड्यातल्या वाचकाला हे फोडून सांगायची गरज नाही. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव झाला आणि त्यानंतर आपल्या जिल्ह्यांत दलितांची घरं जाळली गेली. जाळणाऱ्यांनी कुणाचा चेहरा किंवा रंग पाहिला नव्हता. वस्ती गावाबाहेर वेगळी होती, एवढं पुरेसं होतं. आणि कागदाची ताकद बघायची तर २०२३ पासून सुरू असलेला कुणबी नोंदींचा शोध बघा. निजामाच्या काळचे उर्दू आणि मोडी कागद, खासरा पत्रकं, शाळांचे प्रवेश-निर्गम उतारे धुंडाळले जात आहेत. एका घराच्या पणजोबापुढे कारकुनाने ‘कुणबी’ लिहिलं, शेजारच्या गावातल्या त्यांच्या सोयऱ्याच्या नावापुढे ‘मराठा’. आरक्षण कुणाला असावं या वादात मी इथे शिरत नाही, आणि नुकसानभरपाईसाठी ठेवलेली नोंद आणि छळासाठी ठेवलेली नोंद यांना एका तागडीत घालायचंही नाही. माझं म्हणणं इतकंच की ‘समाजाने घडवलेलं’ म्हणजे हवेतलं, खोटं, असं जे तुम्हाला वाटतं, ते मराठवाड्यातल्या कुठल्याही तहसीलच्या आवारात उभं राहिलं की वाटेनासं होतं. घडवलेली गोष्ट माणसाला कॉलेजात घालते, कॉलेजाबाहेर काढते, आणि वेळ आली तर घर जाळते.

यातूनच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर येतं : टिकतं कसं? खोटी कल्पना खोडली की ती जाते, हा शिकलेल्या माणसांचा भाबडेपणा आहे. शास्त्रज्ञांनी सिद्धांत मागे घेतला. ज्याला त्या सिद्धांतावर जमीन मिळाली त्याने जमीन मागे दिली नाही. अमेरिकेत १९३० च्या दशकात सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे रंगवले. काळ्यांच्या वस्त्या लाल, म्हणजे तिथे घरकर्ज धोक्याचं. ज्या गोऱ्याला तेव्हा स्वस्त कर्जाने घर मिळालं, त्याचं घर पुढे वाढलं, त्यावर पोरं शिकली, नातवंडांना वारसा मिळाला. लाल भागातला माणूस भाड्यानेच राहिला. कायदे १९६० च्या दशकात बदलले. तरी २०२२ मध्ये तिथल्या मधल्या (मालमत्तेच्या क्रमाने लावलं तर बरोबर मध्यावर येणाऱ्या) गोऱ्या कुटुंबाची मालमत्ता सुमारे २ लाख ८५ हजार डॉलर आणि मधल्या काळ्या कुटुंबाची सुमारे ४५ हजार. आजच्या पिढीतला एकही माणूस वंशद्वेष्टा नसला तरी हा आकडा आपोआप पुढे चालत राहतो. आणि मग तोच आकडा पुरावा म्हणून दाखवला जातो : बघा, ह्यांना कमवताच येत नाही.

दवाखान्यातही तेच. मूत्रपिंड किती टक्के काम करतं हे काढायच्या अमेरिकी सूत्रात रुग्ण काळा असेल तर आकडा वाढवून धरायचे. त्यामुळे त्याचं मूत्रपिंड कागदावर बरं दिसायचं आणि प्रत्यारोपणाच्या यादीत तो उशिरा यायचा. हे सूत्र बदलण्याची शिफारस झाली २०२१ मध्ये. त्या सूत्रात आकडे भरणाऱ्या डॉक्टरच्या मनात वाईट काही असेलच असं नाही. यंत्राने दिलेला आकडा त्याने वाचला.

आपल्याकडे याचं सगळ्यात उघडं उदाहरण मला पारधी वस्त्यांवर दिसलं. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा या युक्तिवादावर उभा होता की सुतार-विणकर जसे पिढीजात असतात तसे गुन्हेगारही पिढीजात असतात. जन्मानेच गुन्हेगार! वंश बनवण्याचा याहून स्वच्छ नमुना मला जगात दुसरा माहीत नाही. सोलापूरला तारेच्या कुंपणातली सेटलमेंट होती, हजेरी लागायची. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा उठला. विमुक्त म्हणून त्या दिवशी कार्यक्रमही होतात. पण बीड-धाराशिवकडच्या वस्त्यांवर काय ऐकू यायचं? शिवारात पाण्याची मोटार चोरीला गेली की पोलिसांची पहिली गाडी वस्तीवर. बाप जामिनाच्या फेऱ्यांत, म्हणून घर एका जागी टिकत नाही. घर टिकत नाही म्हणून रहिवासाचा पुरावा नाही. पुरावा नाही म्हणून पोराला जातीचा दाखला नाही. दाखला नाही म्हणून शिष्यवृत्ती नाही. मग पोरगं सिग्नलवर फुगे विकतं आणि गाडीची काच वर करणारा म्हणतो, ह्यांच्या रक्तातच आहे. सर्वेक्षणाला माझ्याबरोबर आलेल्या एका पोराने वस्तीवरच्या आजीला विचारलं, “आजी, तुमच्यावर अन्याय झाला असं वाटतं का?” आजी म्हणाली, “अन्याय कामून म्हणावं? दर टायमाला तेच व्हतंय, त्याला रीत म्हणत्यात.”

तिसरा प्रश्न, जात आणि वंश. इथे दोन्हीकडच्या टोकांना जाऊ नका. १८७३ मध्ये जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती निग्रो गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून तिथल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली. दुखणं सारखं आहे हे दोघांनी ओळखलं होतं. पण त्याच बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ठणकावलं होतं की जात म्हणजे वंश नव्हे. पंजाबचा ब्राह्मण वंशाने पंजाबच्या अस्पृश्याला जवळचा, मद्रासच्या ब्राह्मणाला नव्हे. मला हाच धागा धरायला आवडतो. आधुनिक जनुकशास्त्रही सांगतं की साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात भारतात समूहांची मोठी सरमिसळ झाली आणि नंतर ती जवळपास थांबली, जातीतच सोयरीक सुरू झाली. म्हणजे लग्नाच्या नियमाने रक्तं वेगळी राखली. रक्तं वेगळी होती म्हणून नियम झाला, असं नाही.

वंशभेदाविरुद्ध संयुक्त राष्ट्रांनी भरवलेल्या २००१ च्या डर्बन परिषदेत दलित संघटनांनी जातिभेद हा वंशभेदाच्या चर्चेत घ्या म्हटलं आणि भारत सरकारने विरोध केला : जात म्हणजे वंश नव्हे. वाक्य बाबासाहेबांचंच, वापर उलटा. गंमत अशी की वंशभेदाविरुद्धच्या १९६५ च्या आंतरराष्ट्रीय करारात ‘जन्मकुळावरून होणारा भेद’ हा शब्द घालायची दुरुस्ती भारतानेच सुचवली होती. २००२ मध्ये संबंधित समितीने सांगितलं की त्यात जातही येते. २०२३ मध्ये सिअ‍ॅटल शहराने जातिभेदावर बंदी घातली, कारण आपली मंडळी संगणकाबरोबर जातही घेऊन गेली होती. तिथे ‘ब्राऊन’ म्हणून अपमान सोसणारा माणूस संध्याकाळी आपल्याच माणसाला आडनाव विचारतो. दोन्ही एकाच माणसाच्या वाट्याला येतं.

आणि आपण? संभाजीनगरला विद्यापीठात आफ्रिकेतून, येमेनमधून मुलं शिकायला येत. एका सुदानी विद्यार्थ्यासाठी मी खोली बघत फिरलो होतो. मालकीणबाई सज्जन होत्या, चहा दिला, आणि म्हणाल्या, “पोरगा गुणाचा दिसतोय हो सर, पण आमचे लेकरं भेतेत.” लेकरं दारातच उभी होती, त्याच्या मोबाइलमध्ये डोकावत. खोली मिळाली ती एका चाऊस कुटुंबाकडे, भाडं मात्र जरा चढं.

परीक्षेसाठी म्हणाल तर ‘वंश ही मिथ्या कल्पना आहे’ एवढं लिहून थांबू नका. ही खाती कुणी पाडली, कुठल्या कामासाठी, कुठल्या कागदावर, आणि त्या कागदावर पुढे कुणाला काय मिळालं, या चार प्रश्नांवर उत्तर उभं करा. आणि उन्हाळ्यात सवड काढून आजोबांच्या शाळेत जा. प्रवेश-निर्गमाच्या वहीत त्यांच्या नावापुढे जातीचा रकाना असेल. तो कुणाच्या हस्ताक्षरात आहे, आजोबांना विचारून लिहिला की मास्तरांनी आडनाव ऐकून भरला, खालच्या-वरच्या नावांना काय लिहिलंय, हे टिपून आणा. गावात कुणी म्हातारं माणूस असेल तर त्यालाही विचारा. मिळालं ते मला कळवा; मागे पोरांकडून असे उतारे जमवले होते, त्यात अंबाजोगाई तालुक्यातले फार कमी आहेत.